युद्धकाळातील जाहिराती आणि रेशनची रांग

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जाहिरातींवर जे सचित्र पान आले आहे, ते मी काल बारकाईने वाचले. चित्रे सुबक आहेत आणि ती जमवणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु चहा, साबण, बिस्किटे, रेडिओ आणि सिनेमा यांच्या जाहिराती छापून येत होत्या, एवढ्यावरून त्या वेळची मुंबईतील मध्यमवर्गीय घरे युद्धाची झळ न लागता सुखात नांदत होती, असे जे लेखकाने ठरवून टाकले आहे, ते वाचून मला अतिशय वाईट वाटले आणि रागही आला. त्या वर्षांत मी गिरगावातील एका चाळीत लहानाची मोठी होत होते.

1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ येईनासा झाला आणि मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. साखरही कार्डावरच मिळे. आमचा दुकानदार ती रद्दी कागदाच्या पुडीत बांधून देई आणि पुडी कागदासकट तोले. माझी आई त्याबद्दल त्याच्याशी एकदा स्पष्ट बोलली होती. कागदाचे वजन आमच्या वाट्यातून का जावे, एवढेच तिचे म्हणणे होते. ‘घ्यायची तर घ्या, मागे रांग उभी आहे,’ असे उत्तर तिला मिळाले, आणि खरोखरच मागे रांग जिन्यापर्यंत गेलेली असल्यामुळे ती गप्प बसली. घरी आल्यावर ती पुडी ताटात सोडी, कागद उलटा करून झटकी आणि घडीत अडकलेले दाणे बोटाने टिपून घेई. असाच एक कागद चहाच्या जाहिरातीचा निघाला. तिच्यात हसऱ्या चेहऱ्याची एक बाई किटलीतून चहा ओतत होती आणि मुले भोवती बसली होती. मी नुकतीच अक्षरे लावून वाचायला शिकले होते, म्हणून तो मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवला. ‘आधी साखर पाठवा म्हणावं,’ एवढेच ती म्हणाली. साखर आजोबांच्या कपासाठी आणि सणासाठी राखलेली असे. बाकीच्यांना गुळाचा चहा, तोही कोरा, कारण गुळाने दूध फाटे आणि दूध फाटू देणे कोणालाच परवडणारे नव्हते. ही माझी आई आपल्या त्या पानावर कुठेच नाही, जाहिरातीतील बाई मात्र चौकटीत आहे.

माल होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. निर्यातीचा चहा ब्रिटिश सरकारचे अन्नखाते घाऊक करारांनी उचलत होते, आणि चहाचा प्रसार करणाऱ्या मंडळाच्या गाड्या सैनिकांना चहा पाजत फिरत होत्या. गिरणगावातील माग लष्करासाठी चालत होते. घरोघरच्या माणसांसाठी 1943 पासून ‘स्टँडर्ड कापड’ नावाचे जाडेभरडे कापड निघाले. कंदील घरात असला तरी रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून जागा धरावी लागे. मग जाहिराती कशासाठी, असा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता. युद्धातील जादा नफ्यावर 1940 साली कर बसला, तो 1941 पासून दोन तृतीयांश झाला. जाहिरातीचा वाजवी खर्च नफ्यातून वजा होत असे. म्हणजे सरकारला द्यावयाच्या पैशातूनच मोठा भाग खर्चून कंपन्यांना आपले नाव लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवता येत होते. त्यासाठी घरात वस्तू पोहोचणे गरजेचे नव्हते.

करमणुकीचेही तसेच. कच्ची फिल्म नियंत्रणाखाली आली, चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर आणली गेली, आणि सरकारचे युद्धपट प्रत्येक खेळाबरोबर दाखवण्याची सक्ती 1943 मध्ये चित्रपटगृहांवर झाली. आपल्या लेखात सिनेमाची जाहिरात मोठी छापली आहे, पण या सक्तीचा उल्लेख एका ओळीतही नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. बिस्किटांच्या डब्याचे चित्र छापताना निदान हे साल तरी लेखकाला आठवायला हवे होते.

आणखी एक तक्रार केल्याशिवाय मला राहवत नाही. पानावरील एकाही चित्राखाली ते कोणत्या वृत्तपत्रातील, कोणत्या तारखेचे, हे दिलेले नाही. किमान दोन चित्रे उघडच लंडनची आहेत, कारण साबणाच्या त्या जाहिरातीत कुपनांचा हिशेब सांगितला आहे. साबण कुपनांवर गेला तो इंग्लंडमध्ये, फेब्रुवारी 1942 मध्ये. तिकडे लोणी आणि साखर जानेवारी 1940 पासून मोजून मिळत होती, आणि चहा त्याच वर्षीच्या जुलैपासून माणशी आठवड्याला दोन औंस. लढाई सुरू झाल्यावर चार महिन्यांत तिथल्या सरकारने प्रत्येक घराचा वाटा ठरवून दिला. मुंबईला त्यासाठी आणखी तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि बंगालच्या खेड्यांपर्यंत तर अशी व्यवस्था वेळेवर पोहोचलीच नाही. ही दोन्ही शहरे एकाच पानावर, एकाच शीर्षकाखाली बसवल्यामुळे आजच्या तरुण वाचकाची समजूत अशी होईल की युद्ध सगळ्यांनी सारखेच सोसले.

लेखाचा दुसरा भाग पुढील रविवारी येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात प्रत्येक जाहिरातीखाली वृत्तपत्राचे नाव व तारीख छापावी, परदेशातील चित्रे वेगळी काढावीत, आणि त्या त्या महिन्यात ती वस्तू मुंबईच्या दुकानात मिळत होती की नाही, हे लेखकाने जुन्या अंकांतील बातम्या पाहून लिहावे, अशी माझी विनंती आहे. जाहिराती ज्या अंकांत सापडल्या, त्याच अंकांत त्या बातम्याही आहेत.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, मुंबई