सहा नंबरची टेप

नाशिक,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

काका गेले तेव्हा तू दोनदा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. त्याचा राग धरून तू हे पत्र न वाचता बाजूला ठेवलेस, तरी मला तक्रार करायला तोंड नाही. पण गेल्या मंगळवारी काकूंकडे जे घडले ते नाशकात मला कुणालाही सांगता येत नाही, कारण ज्याला सांगावे तो 'मग पेनड्राइव्ह द्या ना' असे म्हणून मोकळा होतो. माझी साखर आटोक्यात आहे आणि गुडघा होता तसाच आहे, तेव्हा ते प्रकरण इथेच संपवतो.

काकूंना आपली सिंहस्थाची फिल्म एका डीव्हीडीवर हवी आहे, एकाच. २००३ साली आपण दिलेल्या तीन व्हीसीडी त्यांनी अजून कपाटात जपून ठेवल्या आहेत, पण एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो आणि दर सव्वा तासाने उठून डिस्क बदलणे आता त्यांच्याने होत नाही. दुपारी त्या घरी एकट्या असतात आणि रिमोटवरचे एकच बटण त्यांना ठाऊक आहे. भाच्याने आणलेला नवा टीव्ही खोक्यातून बाहेर आलेला नाही. त्यांच्या प्लेअरला पेनड्राइव्ह लावायची सोय नाही. साडेआठ जीबीची, दोन थरांची डीव्हीडीही मी करून पाहिली. पहिला थर संपून दुसरा सुरू होतो नेमक्या त्या जागी तो प्लेअर दर वेळी अडकतो, आणि मग काकू शांतपणे स्थिर चित्राकडे बघत बसतात. म्हणजे उरली साधी, ४.७ जीबीची. संगणकावर ती ४.३७ दिसते म्हणून तू मेन रोडवरच्या त्या दुकानदाराला 'तीनशे एमबी कुठे खाल्लेस' असे विचारले होतेस, तीच. त्या बिचाऱ्याने काहीच खाल्ले नव्हते. डिस्क करणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या, एवढेच.

फिल्म तीन तास दहा मिनिटांची आहे. डिस्कवरचे सगळे बिट ११,४०० सेकंदांत वाटले की सेकंदाच्या वाट्याला ३.३ मेगाबिट येतात, त्यातच चित्र आणि त्यातच आवाज. आवाज मुळात आहे तसा, न दाबता ठेवला असता तर त्यानेच दीड मेगाबिट खाल्ले असते, म्हणजे जवळजवळ निम्मी डीव्हीडी नुसत्या शंखांना आणि ढोलांना द्यावी लागली असती. म्हणून तो दाबून १९२ किलोबिटवर आणला. चित्राला सुमारे तीन मेगाबिट उरले. एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला, दोन फेऱ्या लावल्या, पहिली कुठे किती बिट लागतील हे पाहण्यासाठी आणि दुसरी प्रत्यक्ष वाटण्यासाठी, आणि रात्रभर यंत्र चालू ठेवून, सकाळी डिस्क लिहून, मोठ्या ऐटीत काकूंकडे गेलो.

दोन तास वीस मिनिटांपर्यंत सगळे ठीक चालले होते. (तुझ्या पुलावरून घेतलेल्या अकरा मिनिटांच्या पाण्यात काकूंना डुलकी लागली, तुला कळवणे माझे कर्तव्य आहे.) मग रामकुंडाच्या पायरीवर बसलेले काका आले. तुला आठवत असेल, उजेड जात चालला होता, पाऊस नुकताच थांबला होता आणि मागे गोदावरीचे गढूळ पाणी खळाळत होते. काकू पुढे सरकून बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "यांच्या चेहऱ्यावर ही जाळी कसली रे? आजारी होते का तेव्हा? मला बोलले नाहीत ते."

मी 'नाही हो काकू, ते डिस्कचे आहे' असे म्हणालो. त्यांना ते पटले असे मला वाटत नाही.

आता हे कसे झाले ते तुला सांगतो. या पद्धतीत पूर्ण चित्र अर्ध्या सेकंदातून एखादेच साठवले जाते. मधल्या चित्रांत फक्त आधीचा कुठला तुकडा कुठे सरकला आणि काय बदलले एवढेच लिहिलेले असते. माणूस स्थिर बसला की हे काम स्वस्तात होते. वाहत्या पाण्याचे तसे नाही. लाट सरकत नाही, ती मोडते आणि नवी होते, म्हणून एन्कोडरला दर वेळी नव्याने लिहावे लागते. त्यात तू कॅमेरा हातात धरलेला, कारण ट्रायपॉड रिक्षात राहिला होता. (तो तू विसरलास. बावीस वर्षांत या बाबतीत माझे मत बदललेले नाही.) हात हलला की सगळी चौकट हलते. बिट पाण्याने आणि हलण्याने खाल्ले, आणि अंधारातल्या चेहऱ्याचे बारकावे आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनांत सपाट झाले.

मग मी काकांच्या त्या नऊ मिनिटांना वेगळे काढून सेकंदाला सात मेगाबिट दिले. तीन तासांच्या फिल्ममध्ये नऊ मिनिटांचे लाड परवडतात, बाकीच्यांच्या वाट्याचे फार कमी होत नाही. चौकोन गेले. पण विनू, चौकोनांच्या जागी मुंग्या आल्या! काकांच्या कपाळावर, चष्म्यावर, पांढऱ्या टोपीवर नुसत्या मुंग्या. कारण तुझे पाणी आणि हा भाग सोडून बाकी सगळे मी कॅमेऱ्याच्या मूळ मिनीडीव्ही टेपांवरून पुन्हा उतरवले आहे, आणि हा भाग माझ्याकडे फक्त व्हीएचएसच्या प्रतीवर आहे. त्या मुंग्या दर चित्रात नव्या जागी असतात. एन्कोडरला पाणी आणि मुंग्या यांतला फरक कळत नाही, तो त्यांनाही निष्ठेने लिहून काढतो. मुंग्या पुसणारा फिल्टर लावला, तर काकांची दोन दिवसांची दाढीही पुसली गेली आणि ते लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखे गुळगुळीत दिसू लागले. रुंदीतले ठिपके ७२० चे ३५२ करून पाहिले. तेव्हा वाफ धरलेल्या काचेतून बघावे तसे दिसले.

काका असते तर 'फाळक्यांनी हरिश्चंद्र चार रिळांत बसवला, तुम्हाला मला एका डिस्कमध्ये बसवता येत नाही?' असे म्हणाले असते. तीन व्हीसीडी हातात घेताना ते जवळजवळ हेच म्हणाले होते, आणि आपण दोघे तेव्हा एकमेकांशी बोलत नसल्यामुळे कुणीच हसलो नव्हतो.

त्या भांडणाबद्दल एवढेच लिहितो की तुझे पाणी मला कापायचे होते, ते मी आजही कापलेले नाही. कापले असते तर बाकीच्या फिल्मला सहा टक्के बिट जास्त मिळाले असते. हिशेब मी केला होता, तो लपवत नाही. पण पाणी कापतील या भीतीने तू सहा नंबरची टेप घेऊन बडोद्याला गेलास, तेव्हा पाण्याच्या मागोमाग त्याच टेपवर काका होते, हे तुझ्याही लक्षात नव्हते आणि माझ्याही.

ती टेप मला हवी आहे. कॅमेरा अजून चालतो, हेड साफ केले आहेत, आणि केवळ टेप उतरवायची त्याची फायरवायरची केबल लागावी म्हणून तो जुना संगणक मी कुणाला देत नाही. टेप सुरुवातीपर्यंत रिवाइंड करून, डबीत घालून, कुरियरने पाठव. इकडे येणार असलास तर स्वतःच आण. २०२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू असल्याने रस्ते मात्र खणलेले मिळतील. वहिनींची बदली झाली का? मुलीच्या नोकरीचे कळले, फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग.

डबीवर तुझ्या अक्षरात '६ – पाणी' असे लिहिलेले आहे. आधी टेपच्या कडेचे, तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून असलेले बटण 'सेव्ह'च्या बाजूला आहे ना ते पाहा. तू बडोद्याला गेलास त्याच वर्षी मुलीचे बारसे झाले आणि बारशाला कॅमेरा तुझ्याच हातात होता, हे मला काल रात्री आठवले आणि त्यानंतर झोप लागली नाही. तसे काही झाले असेल तर तेही कळव. मी काकूंना काय सांगायचे ते मग ठरवीन.

तुझा,
मधू