मंडळ बंद होत असेल, पण दप्तर जपावे

महोदय,

बडोद्यातील आमच्या भागातले, कित्येक दशके चाललेले मराठी मंडळ महिनाअखेर बंद होत असल्याची सूचना फलकावर लागली आहे. वर्गणीदार घटले, जागेचे भाडे परवडेना, ही कारणे खरी आहेत. त्याबद्दल कार्यकारिणीला दोष देणे योग्य नव्हे. परंतु नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबांना भाड्याची खोली, घरगुती डबा, सत्यनारायण सांगणारे गुरुजी यांचा पत्ता ज्या जाडजूड वहीत मिळे, आणि जिच्या समासात ‘मालक सज्जन, पाणी मात्र सकाळीच’ असे शेरे आधीच्या भाडेकरूंनी लिहून ठेवले आहेत, ती वही, जुनी इतिवृत्ते आणि दिवाळी अंक रद्दीत जाणार असतील, तर ते मुळीच मान्य होण्यासारखे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारलेल्या आणि १९०९, १९२१, १९३४ व २०१८ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलेल्या या शहरात चार कपाटांपुरती जागा मिळू नये, हे मनाला पटत नाही. कुलूप लागण्यापूर्वी सर्वसाधारण सभा बोलावून हे दप्तर एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवण्याचा ठराव करावा, ही कळकळीची विनंती.

— एक आजीव सभासद, बडोदे