इतिहासाच्या शिक्षकाने शिलालेख कधी वाचायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बी.एड. किती वर्षांचे असावे यावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. २०१५ मध्ये ते एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे जायचे ठरवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने काढलेल्या मसुद्यात एक वर्षाचे बी.एड. पुन्हा हजर झाले. या वर्षांत शिकवायचे काय, आणि विशेषतः इतिहास, भूगोल, भाषा, चित्रकला हे विषय घेणारा शिक्षक तयार कसा होतो, याबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. दरवर्षी आमच्याकडे सरावासाठी बी.एड.ची मुले-मुली यायच्या. त्यांचे पाठ पाहून जे साठत गेले ते लिहिते आहे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. गर्दी ओसरल्यावर आम्ही दहावीचा वर्ग घेऊन गेलो. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून करायच्या सरावासाठी, आलेली एक विद्यार्थिनी-शिक्षिका सोबत होती. इतिहासात एम.ए., गुण उत्तम, स्वभावाने कष्टाळू. काचेपुढे उभ्या असलेल्या एका मुलाने तिला विचारले, “मॅडम, हीच ती, हे कशावरनं?” ती गोंधळली आणि म्हणाली, “असं विचारायचं नसतं.” मुलगा खाली मान घालून पुढे सरकला.

त्या मुलाने विचारलेला प्रश्न म्हणजे दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा गाभा आहे. २०१८ पासूनचे हे पाठ्यपुस्तक सनावळ्यांचे नाही. त्याची सुरुवातच इतिहासलेखनापासून होते. जर्मन इतिहासकार रांके येतो, मार्क्स येतो, फ्रेंच विचारवंत फुकोसुद्धा येतो. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन अशी प्रकरणे आहेत. इतिहास कळतो कसा आणि साधने तपासायची कशी, हे पंधरा वर्षांच्या मुलाला समजावे अशी या पुस्तकाची अपेक्षा आहे. मला ती अपेक्षा फार मोलाची वाटते. पण ज्या शिक्षिकेने स्वतः एकही साधन कधी हाताळलेले नाही, तिने ती पुरी कशी करायची?

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी वर्गात घेतला. वाघनखांसोबतच्या डबीवर इंग्रजीत जो मजकूर आहे तो फळ्यावर लिहिला. ही महाराजांची वाघनखे, यांनी त्यांनी मोगल सेनापतीला मारले, आणि साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना जेम्स ग्रँट डफला ती भेट मिळाली, असा त्याचा आशय. मुलांनी दोनदा वाचले. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, अफझलखान मोगलांचा कुठं होता? तो आदिलशाहीचा.” मग वर्गाला जाग आली. मजकूर लिहिणाऱ्याची एक चूक सापडली, तर उरलेल्या मजकुरावर किती विसंबायचे? ग्रँट डफ साताऱ्याला आला १८१८ मध्ये आणि अफझलखानाचा वध १६५९ चा. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ही वस्तू कोणाकडे होती? लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते की प्रत्यक्ष त्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता आलेली नाही. हेही मी मुलांना सांगितले. प्रतापगडावरचा पराक्रम याने उणा होत नाही, त्याला आधार देणारी साधने वेगळी आहेत, आणि ती कोणती हे शोधायला आम्ही पुढचे दोन तास दिले. महाराजांविषयीचा आदर कमी झालेला मला एकाही चेहऱ्यावर दिसला नाही. उलट एरवी इतिहासाच्या तासाला पेंगणारी दोन मुले मधल्या सुट्टीत माझ्यामागे स्टाफरूमपर्यंत आली.

मागच्या बाकावर बसून ती विद्यार्थिनी-शिक्षिका हे सारे टिपून घेत होती. तास संपल्यावर म्हणाली, “बाई, असा पाठ आम्हाला कुणी घेऊनच दाखवला नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिला मी दोष देत नाही. पदवीला तिने नोट्स वाचल्या, एम.ए.ला जाड नोट्स वाचल्या, आणि बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढायचे ते शिकली.

बी.एड.मध्ये काय होते ते पालकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून सांगते. आधी सूक्ष्मपाठ. पाच-सहा मिनिटांत फळा कसा वापरायचा, प्रश्न कसा विचारायचा, प्रबलन, म्हणजे शाबासकी, कशी द्यायची. मग दोन अध्यापन पद्धतींचे सरावपाठ. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, आणि त्यावर गृहपाठ. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने चालत आलेली ही पंचपदी मी १९९३ मध्ये गिरवली आणि थोड्याफार फरकाने आजची मुलेही तीच गिरवतात. चौकट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, नवख्याला आधार लागतोच. पण त्याच चौकटीत शहाजीराजे बसवायचे, त्याच चौकटीत मोसमी वारे आणि त्याच चौकटीत कविता.

कवितेचे तर मला फार वाईट वाटते. नववीच्या वर्गात एका तरुणाने कविता घेतली. कवीचा परिचय झाला, कठीण शब्दांचे अर्थ झाले, भावार्थ झाला, तक्ता टांगून झाला, गृहपाठ दिला. पस्तीस मिनिटांत ती कविता सलग, मोठ्याने एकदाही वाचली गेली नाही. निरीक्षण वहीत मी तसे लिहिले. तो प्रामाणिकपणे म्हणाला की वाचनाला वेगळे गुण नव्हते.

आता भरती पाहा. बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता तपासते. पुढे शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून नोकरी मिळवायची तर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट. २०० प्रश्न, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. त्यात उमेदवाराच्या विषयाचा एकही प्रश्न नसतो. नववी-दहावीच्या शिक्षकाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागत नाही. म्हणजे पदवीनंतर शाळेच्या फळ्यापाशी उभा राहीपर्यंत त्याला इतिहास कितपत समजतो, नकाशा वाचता येतो का, हे गुणवत्ता यादी लावताना कोणी विचारतच नाही. गणिताच्या शिक्षकाचे निदान वर्गात उघडे पडते, उदाहरण सुटले नाही की मुलांना कळते. इतिहासाचे तसे होत नाही. पुस्तक वाचून दाखवले, अधोरेखित करून दिले, स्वाध्यायाची उत्तरे लिहून दिली की तास ‘झाला’. म्हणूनच सगळ्यांना वाटते की हा विषय कोणीही घेऊ शकतो. वेळापत्रक बसवताना उरलेले तास ज्याच्या त्याच्या पदरात टाकतात ते याच समजुतीने. राज्यशास्त्राची पदवी असलेला शिक्षक भूगोल घेतो आणि पुस्तकातले ‘क्षेत्रभेट’ हे पहिलेच प्रकरण वर्गात बसून वाचून घेतले जाते. साताऱ्यात! जिथे अजिंक्यताऱ्यावर चढले की वेण्णेचे खोरे समोर पसरलेले दिसते आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा कशा मिळतात ते मुले सायकलवरून जाऊन पाहू शकतात.

कलेची स्थिती याहून हलाखीची. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत १०० हून अधिक पट असेल तर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, ठेवायला सांगितले. कायद्याच्या शब्दातच ‘अंशकालीन’ आहे, त्यावरून या विषयांची पत लक्षात यावी. आमचे चित्रकलेचे सर निवृत्त झाले तेव्हा ती जागा भरली गेली नाही. त्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवलेली मुले आज कुठे-कुठे पोहोचली आहेत! त्यांचे तास गणित आणि विज्ञानाचा राहिलेला पोर्शन पुरा करायला वाटले गेले. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे, त्याची पुस्तिका आहे, त्याला श्रेणी आहे. तो शिकवायला कोणाला तयार केले? वर्षअखेरीस श्रेणीचे रकाने तेवढे भरले जातात.

बी.एड.च्या दोन वर्षांच्या आराखड्यात ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटक आहे, आणि तो ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाने शरीर, आवाज, रंग, हालचाल यांतून विषय पोहोचवायला शिकावे, हा तो हेतू. माझ्याकडे येणाऱ्यांना मी दरवर्षी विचारायचे, या घटकात काय केलेत? उत्तर ठरलेले. रांगोळी, भेटकार्ड, भित्तीपत्रक आणि त्यांची फाइल. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे एका नाट्यकर्मींनी चार दिवस कार्यशाळा घेतली. त्या मुलाचा पाठ मला अजून आठवतो. त्याने संविधान सभेतली चर्चा वर्गात उभी केली, मुलांना बाजू वाटून दिल्या, आणि तो स्वतः बाजूला होऊन ऐकत उभा राहिला. चार दिवसांनी एवढा फरक पडतो.

आंतरवासिता नियमाने २० आठवड्यांची आहे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. खरे शिक्षण होण्याची जागा हीच. प्रत्यक्षात या मुलांना गैरहजर शिक्षकांच्या तासावर पाठवतात, ऑनलाइन माहिती भरायला बसवतात. शाळेतल्या ज्या शिक्षकाने त्यांना हाताशी धरायचे त्याला त्यासाठी ना तास कमी मिळतात ना मानधन. महाविद्यालयाचे प्राध्यापक दहा मिनिटे टेकतात, सही करतात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. त्यांचाही नाइलाज असतो, अनेक जागा रिकाम्या आहेत. आणि ज्या महाविद्यालयांत हे नाटकसुद्धा होत नाही त्यांच्याबद्दल अध्यापक शिक्षणावरच्या न्या. वर्मा आयोगाने २०१२ मध्येच सांगून ठेवले आहे. त्याचा हवाला देऊन राष्ट्रीय धोरण म्हणते की दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुतेक जणू पदव्या विकत आहेत. हे सरकारी कागदावर आहे. त्याआधी, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अध्यापक महाविद्यालये विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि एकमेकांपासून तुटलेली असल्याचे म्हटले होते. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक, ज्यांनी कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीसारख्या ठिकाणी काम केलेले होते. इतकी वर्षे उलटली, पण ते तुटलेपण तसेच आहे.

माझे म्हणणे आहे ते एवढेच. मानव्य आणि कला विषयांच्या शिक्षकाने तो विषय आधी स्वतः करायला हवा. इतिहासवाल्याने निदान एक शिलालेख, एक पत्र, एक वाडा स्वतः वाचावा आणि त्यावर चार पाने लिहावीत. भूगोलवाल्याने एक गाव पायी फिरून त्याचा नकाशा काढावा. भाषावाल्याने कविता पाठ करून लोकांपुढे म्हणावी आणि स्वतः काही लिहावे. याला गुण असावेत, तक्त्यांइतके तरी असावेत. टेटमध्ये उमेदवाराच्या विषयाचा भाग घालावा. मार्गदर्शक शिक्षकाचे आठवड्याचे काही तास कमी करावेत. आणि अध्यापक महाविद्यालयांनी आसपासच्या ठेव्याशी लेखी करार करावेत. आमच्या जिल्ह्यात औंधचे भवानी संग्रहालय आहे, वाईला विश्वकोशाचे कार्यालय आहे, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यातली भित्तिचित्रे आहेत. बी.एड. करताना यांतल्या एका तरी ठिकाणी गेलेले विद्यार्थी मला ३१ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली, विरूबाई भोसल्यांनी बांधलेली. शिलालेखात शके १६४१ आहे. त्यात ७८ मिळवले की १७१९ येते, हे गणित सातवीतले पोर विहिरीच्या काठावर उभ्या-उभ्या करते आणि मग विचारते, बाईमाणसानं एवढी मोठी विहीर का बांधली असेल? त्या प्रश्नावर पुढचा महिनाभर वर्ग चालतो, हे मी अनुभवले आहे. जिल्ह्यातल्या कोणत्याही अध्यापक महाविद्यालयाने आपली इतिहास पद्धतीची तुकडी पाठवावी, मी त्यांना तिथे घेऊन जाईन. मानधन नको. सकाळी सातला साताऱ्याहून निघालो तर ऊन चढायच्या आत परत येता येते.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, सातारा