रोबो किती आले, यापेक्षा ते थांबतात कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांत रोबो येत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. रोबोंची संख्या होती, वाचलेल्या मजुरीचा हिशेब होता. याच पट्ट्यात ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारी पेटी) आणि सर्वो मोटरी (सांगितल्या जागी नेमक्या थांबणाऱ्या मोटरी) बसवण्यावर माझं पोट चालतं, म्हणून बातमीत जे नव्हतं ते लिहितो.

एकटा रोबो चालवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. घोटाळा होतो तो त्याला कन्व्हेयर आणि खोक्यांचं मशीन जोडल्यावर. इथल्याच एका पॅकिंग लाइनवर ही तीन यंत्रं तीन पुरवठादारांची होती. तिघांच्याही ट्रायल आपापल्या जागी पास. पावसाळ्यात एकदा व्होल्टेज क्षणभर पडलं. रोबो ट्रिप झाला आणि रीसेटची वाट बघत उभा राहिला. खोक्यांच्या मशीनला काही कळलंच नाही. कन्व्हेयरच्या ड्राइव्हमध्ये ऑटो-रीस्टार्ट चालू ठेवलेला. वीज स्थिरावताच तो पुन्हा पळू लागला. रोबोच्या पायाशी बरण्यांचा खच. मग तिन्ही इंजिनिअरांचं एकच पालुपद : ‘आमचं मशीन ओके आहे.’ आणि खरंच, तिन्ही ओके होती. लाइन ओके नव्हती. तिची ऑर्डर कुणाला दिलीच नव्हती.

आपला छापखानाच घ्या. जुन्या रोटरी छपाईयंत्रात सगळी युनिटं एका लांब शाफ्टला गिअरने बांधलेली असत. वीज गेली तर सगळी एकाच प्रमाणात मंदावत, दुसरा इलाजच नसे. 1990 च्या दशकात शाफ्ट जाऊन युनिटांना स्वतःच्या मोटरी येऊ लागल्या. कागद सेकंदाला 10 मीटर धावत असेल, तर एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे 10 मिलिमीटर. रंगावर रंग बसत नाही, आणि पहिल्या पानावरच्या पुढाऱ्याला दोन नाकं. (रविवार पुरवणीत अधूनमधून दिसतात, ते असो.) उशीर दर वेळी तेवढाच असेल तर भरून काढता येतो; कधी कमी, कधी जास्त होणारा उशीर छळतो. म्हणून मोटरींची घड्याळं जुळवावी लागतात. 2002 मध्ये नेटवर्कवरची घड्याळं जुळवण्याचं आयईईई 1588 हे मानक आलं, 2003 मध्ये इथरकॅट हे यंत्रं जोडणारं वेगवान नेटवर्क. आज ही घड्याळं एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळतात. तेवढा प्रश्न पैसे टाकले की सुटतो.

कोण कुणासाठी थांबणार, याचं उत्तर मात्र विकत मिळत नाही. नेहमीची पद्धत म्हणजे एक मोटर मास्टर, बाकीच्या तिच्यामागे. मागची अडखळली तरी मास्टरला पत्ता नसतो, ती आपली पुढे जाते. दोन्ही बाजूंना मोटर असलेल्या गॅन्ट्रीत (दोन रुळांवर सरकणाऱ्या आडव्या गर्डरच्या यंत्रात) म्हणूनच प्रत्येकीने आपापली चूक सुधारून भागत नाही, दोघींमधला फरकही दोघींना कळावा लागतो; नाहीतर गर्डर तिरका होऊन अडकतो. अक्ष, म्हणजे एकेका मोटरची हालचाल, असे एकमेकांना बांधायची पद्धत संशोधक योराम कोरेन यांनी 1980 मध्येच मांडली होती. वीज गेल्यावरचंही तसंच. सगळ्या ड्राइव्हना एकच डीसी बस (वीज पुरवणारी सामायिक डीसी वाहिनी) दिली, तर जड रोलरच्या मोटरी मंदावताना जी वीज परत देतात, तिच्यावर सगळ्या मोटरी ताळमेळाने थांबवता येतात. पण हे पॅनेल बनायच्या आधी ठरवावं लागतं, मागाहून प्रोग्राममध्ये घुसवता येत नाही.

कारखानदारांना माझी विनंती एवढीच की, कोटेशन मागवतानाच एक पान जोडा : मास्टर कोण, कुठलंही एक यंत्र थांबलं तर बाकीच्यांनी काय करायचं, आणि सगळं पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कोण देणार. त्या पानाची ट्रायल झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पुरवठादार कुरकुर करतील, भाव वाढवतील, वाढवू देत.

आणि आपले प्रतिनिधी पुन्हा अशा कारखान्यात गेले, तर त्यांनी लाइन चालू असताना मालकाला मेन स्विच पाडून दाखवायला सांगावं. मालक कचरला, तर तीच बातमी छापावी.

आपला,
एक ऑटोमेशन तंत्रज्ञ, ऐरोली, नवी मुंबई