मामा, त्या गुलाबी स्लाइडबद्दल

मामा, सादर नमस्कार.

प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मी सगळ्यांचे आभार मानले होते. एचओडी, गाइड, आईबाबा, अगदी बाइंडिंगवाल्या काकांचेही. लॅब सांभाळणाऱ्या मामांचं, तुमचं नाव राहिलं. म्हणून हे पत्र.

एस.वाय.च्या प्रॅक्टिकलला मला ग्रॅम पद्धतीने रंगवायला बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू आला होता. ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळ्या दांड्या दिसायला हव्यात. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली निम्म्याहून जास्त गुलाबी! दुसरी स्लाइड केली, तेच. तिसरीला रडकुंडीला आले. तुम्ही ट्रे उचलायला आलात आणि एवढंच विचारलंत, "प्लेट कधीची?"

जिवाणू वाढवलेली ती प्लेट तीन दिवसांची.

"म्हातारा झाला की रंग धरत नाही गं. ताजं कल्चर घे."

पेशीची भिंत जाड असली की क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडिन आत अडकून बसतात. जुन्या पेशींची भिंत कमजोर होते, अल्कोहोल रंग काढून नेतं आणि गुलाबी सॅफ्रॅनिन चढतं. पुस्तकात होतं हे. पण हॅन्स ख्रिश्चन ग्रॅमने 1884 साली बर्लिनमध्ये ही रंगवण्याची पद्धत मांडली तेव्हा त्यात सॅफ्रॅनिन नव्हतंच, असली माहिती व्हायवासाठी पाठ करणारी मी, प्लेटवरची तारीख वाचली नव्हती.

अल्कोहोलचा हातही तुमचाच. स्लाइड तिरकी धरायची, थेंब थेंब सोडायचं, खाली उतरणारं पाणी जांभळं यायचं थांबलं की लगेच नळाखाली. "घड्याळ नको बघू, थेंब बघ." शिवाय त्याच स्लाइडवर एका टोकाला स्टॅफ, म्हणजे जांभळा दिसायलाच हवा असा जिवाणू, दुसऱ्या टोकाला गुलाबी दिसायला हवा असा ई. कोलाय, मध्ये आपला नमुना. स्टॅफ गुलाबी दिसला तर अल्कोहोल जास्त झालं, ई. कोलाय जांभळा राहिला तर कमी पडलं. आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रोज हेच करते.

मॅकॉन्की या माध्यमाच्या प्लेटवर ई. कोलाय आणि क्लेबसिएला या दोन्ही जिवाणूंच्या कॉलनी गुलाबीच. तुम्ही क्लेबसिएलाच्या फुगीर, बुळबुळीत कॉलनीला तारेचा लूप टेकवून वर उचललात आणि एकतारी पाकासारखी तार निघाली. लगेच दटावलंतही, "हा अंदाज झाला. बायोकेमिकल टेस्ट केल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही."

दिवाळीनंतर कॉलेजात येते आहे. तिन्ही स्मिअर, म्हणजे जिवाणूंचे पातळ थर, घातलेली एक स्लाइड सोबत आणेन. थेंब कुठे चुकला ते सांगा.

तुमची,
तिसऱ्या बेंचवरची रडकी