न ओसरणाऱ्या काविळीकडे दुर्लक्ष नको

महोदय,

पंचगंगेचे दूषित पाणी आणि कावीळ यांचा संबंध आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २०१२ मधील इचलकरंजीची साथ अनेकांना आठवत असेल. त्यामुळे डोळे पिवळे दिसले की तेल-हळद वर्ज्य करायची, उसाचा रस प्यायचा आणि कुठल्या तरी गावी जाऊन काविळीचे औषध घ्यायचे, एवढ्यावर घरोघरी विषय संपतो. पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय त्या औषधाला जाते. काळजी वाटते ती न ओसरणाऱ्या काविळीची.

तिचे एक विरळा कारण म्हणजे ‘जायंट सेल हेपॅटायटिस’. यात यकृतामध्ये अनेक केंद्रके असलेल्या अवाढव्य पेशी दिसू लागतात. नवजात अर्भकांच्या यकृतात हा बदल डॉक्टरांच्या परिचयाचा आहे, मात्र मोठी मुले आणि प्रौढ यांच्यात तो क्वचितच आढळतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटणे हे त्याचे एक प्रमुख कारण असून काही रुग्णांत विषाणू किंवा एखादे औषधही कारणीभूत ठरते. काहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तातील तांबड्या पेशीही याच सुमारास नष्ट होऊ लागतात. मूल पांढरेफटक पडते आणि घरचे मात्र ते काविळीच्या अशक्तपणावर ढकलतात.

साध्या रक्ततपासणीत किंवा सोनोग्राफीत हा आजार ओळखता येत नाही, त्यासाठी यकृताचा सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ‘बायोप्सी’ म्हटले की आपल्याकडे कर्करोगाच्याच शंकेने नातेवाईक हबकतात आणि नकार देतात, हे फार दुर्दैवी आहे. निदान वेळेत झाले तर स्टिरॉइड, ॲझाथायोप्रिन यांसारख्या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी अनेकांचा आजार आटोक्यात येतो. उशीर झाल्यास यकृत निकामी होऊन प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही, आणि प्रत्यारोपित यकृतातही तो पुन्हा उद्भवू शकतो.

पावसाळ्यात आरोग्य विभाग काविळीविषयी जी पत्रके वाटतो, त्यांत पाणी उकळण्याच्या सूचनेसोबत आणखी एक सूचना ठळकपणे छापावी, अशी माझी विनंती आहे: विषाणूंच्या चाचण्या निर्दोष येऊनही कावीळ टिकून असेल, वाढत असेल किंवा हिमोग्लोबिन घसरत असेल, तर रुग्णाला विनाविलंब यकृततज्ज्ञांकडे न्यावे, आणि गुंगी, असंबद्ध बोलणे वा रक्तस्राव दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे.

आपली नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर