औषध कधी थांबवायचं? ग्वाल्हेरच्या मित्राला पत्र

इंदूर

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

लष्कर भागात कुणाला ताप आला की तू आधी प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) तपासायला पाठवतोस, हे वाचून लिहायला बसलो. अरे, हा आकडा अँटिबायोटिक सुरू करायला फारसा कामाचा नाही, थांबवायला आहे.

सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने अवयवच ढासळू लागल्याची शंका असेल, बीपी घसरत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नकोस. दोन ठिकाणांहून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) घे, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, आणि लगेच औषध चालू कर. प्रोकॅल्सिटोनिन चढायला ४ ते ६ तास लागतात, त्यामुळे पहिला रिपोर्ट फसवा चांगला येऊ शकतो. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं दुसरं प्रथिन, त्याहून सुस्त, शिखर गाठायला जवळजवळ दोन दिवस घेतो.

थांबवण्यासाठी मात्र पहिल्या दिवसाचा आकडा हवाच. पुढे रोज किंवा एक दिवसाआड बघ. ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आला, किंवा शिखरापासून ८० टक्के उतरला, आणि रुग्णही सुधारतोय, तर बंद कर. संसर्ग आटोक्यात आला की तो २४ तासांत साधारण निम्मा होतो. किडनी बिघडलेली असेल तर जरा रेंगाळतो. १० चा तिसऱ्या दिवशी ९ च राहिला तर औषध बदलण्याआधी पू शोध: सोनोग्राफी, कॅथेटर, जखम. ब्रिटनच्या २०२४ च्या अडॅप्ट-सेप्सिस चाचणीत या पद्धतीने अँटिबायोटिकचा जेमतेम एक दिवस वाचला, सुरक्षिततेत ती मागे पडली नाही. सीआरपीने तेवढंही साधलं नाही. मेरोपेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकचा एक दिवससुद्धा मला थोडका वाटत नाही.

पावसाळ्यात मलेरिया विसरू नकोस, विशेषतः फाल्सिपेरम हा त्याचा घातक प्रकार: दोन्ही आकडे भरमसाट चढतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने मलेरिया बरा होत नाही. मोठं ऑपरेशन, भाजणं यांतही आकडे संसर्गाशिवाय चढतात. उलट बंदिस्त गळू, हृदयाच्या झडपेचा संसर्ग किंवा टीबी असताना प्रोकॅल्सिटोनिन अगदी कमी येऊ शकतं. सिरॉसिसमध्ये (यकृत निकामी होत जाण्याच्या आजारात) सीआरपी कमी दिसतो, कारण तो यकृतातच बनतो.

ओपीडीतल्या खोकल्याला सीआरपी पुरे. न्यूमोनियाची शंका असली तरच. २० मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली अँटिबायोटिक नको, १०० च्या वर दे. मधल्यांना अँटिबायोटिकची चिठ्ठी देऊन ठेव, औषध बिघडलं तरच घ्यायचं. एकक मात्र नीट वाच: काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथला ८ म्हणजे तुझा ८०. एका रुग्णाचे सगळे नमुने एकाच लॅबकडे पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिरीष